लाल चिंधीची कात्री

अण्णा, परवा मी दौलतगंजच्या बाजारात तुमची कात्री घ्यायला गेले होते. तुमची म्हणजे तुमच्यासारखी. खरी तुमची होती ती आता कामाची राहिलेली नाही. ती कशी गेली ते सांगते, पण एकदम नाही सांगणार. तुम्ही प्रगतिपुस्तक मागायचात तेव्हाही मी आधी चित्रकलेचे मार्क सांगायचे.

झालं असं की शिवपुरी रस्त्यावरच्या त्या गावातून फोन आला. ज्यांना तुम्ही कक्का म्हणायचात, ते मेंढपाळ, त्यांच्या सुनेचा. कक्काही गेले, दोन वर्षं झाली. मेंढ्या आता तीच बघते, नवरा शहरात कुठे चौकीदारी करतो. म्हणाली, "जिज्जी, बाबूजी कहते थे डॉक्टरसाब अपनी लाल चिंदी वाली कैंची हमें देने वाले थे। रखी है क्या?" यंदा पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता, चारा हिरवा आणि पाणीदार, मेंढ्यांची पोटं बिघडलेली, शेपटीखालची लोकर घाणीनं चिकटून तिचे गोळे झालेले. माश्या बसायला लागल्या होत्या. एका मेंढीला किडे पडलेच. हिने घरातल्या कात्रीनं कापायला घेतलं तर कातडीच कापली गेली. हे सगळं ती अगदी शांतपणे सांगत होती, आणि मी म्हटलं, "रखी है।" विनोदी लिहून लिहून इतक्या थापा मारल्या आहेत मी, पण इतक्या चटकन एकही सुचली नव्हती.

तुम्ही मला ती पोचवायला सांगितली होतीत. शेवटच्या महिन्यात, जीभ जड झाली होती तेव्हा, दोनदा सांगितलंत. "लाल चिंधीची. कक्काला." मी हो म्हटलं. मग तुम्ही गेलात, मग दिवस झाले, मग मी कामाला लागले. ती कात्री आधी कितीतरी वर्षं माळ्यावर होती, मग गच्चीत आली. मी तिनं तुळशीच्या वाळक्या काड्या कापल्या, दुधाच्या पिशव्या कापल्या, एकदा तर कूलरची तार कापली. दोन पावसाळे ती गच्चीतच भिजली. आता उघडत नाही. खासगी बाजारात राहणारे आपले काका शेवटी शेवटी बसायचे तशी मिटून बसली आहे, आणि त्यांच्यासारखीच कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

काकांचं नाव निघालंच आहे तर त्यांचं ते वाक्यही लिहून टाकते, म्हणजे घशातून जाईल. दर दिवाळीला, फराळाचं ताट पुढ्यात आल्यावर, चकलीचा पहिला तुकडा मोडून ते म्हणायचे, "ज्यांच्या हातून दरबाराचे खलिते जायचे, त्यांचा पणतू मेंढ्यांची ढुंगणं साफ करतो." लोक हसायचे. तुम्ही चहा बशीत ओतत म्हणायचात, "दादा, खलिते वाचणारे सगळे गेले. मेंढ्या अजून आहेत." आणि तेही हसण्यावारी जायचं. आपल्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हे एक बरं आहे. भिंतीवर तलवार, खाली सोफ्यावर बँकेतला अधिकारी, आणि अपमान मात्र अजून दरबारी पद्धतीनं, ताटाभोवती रांगोळी काढून. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, अण्णा 'पशुपालन खात्यात' आहेत. तुम्ही मात्र गावात कुणी डॉक्टरसाब म्हटलं की थांबून सांगायचात, "मी डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे." कुणी ऐकायचं नाही. ज्याचं जनावर तुमच्या हातून बरं झालं, तो पदवी विचारत बसत नाही.

तुमच्या दोन कात्र्या होत्या. पांढऱ्या चिंधीची स्वच्छ लोकरीसाठी आणि लाल चिंधीची मळक्या लोकरीसाठी. एकीचं काम दुसरीला तुम्ही कधी दिलं नाहीत. दोन्ही एकाच अखंड पट्टीच्या, मागे कमानीसारखा वाकवलेला भाग, दाबलं की पाती मिटायची, सोडलं की आपोआप उघडायची. आईनं त्यांना घरात जागा दिली नव्हती. मागच्या मोरीबाहेर खिळ्याला टांगलेल्या असायच्या. आणि तुम्हालाही, आलात की थेट आत यायची परवानगी नव्हती. मोरीत उभं राहायचं, हात पुढे करायचे, कोपरापर्यंत राख चोळायची, आणि कुणीतरी वरून गरम पाणी ओतायचं, कारण त्या हातांनी तांब्याला शिवायचं नाही. ते कुणीतरी म्हणजे मी. मला आता दिसतंय, मी पायरीवर उभी आहे, नाक एका बाजूला वळवलेलं, तांब्या जमेल तितका उंच धरलाय, अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून. पाणी इतक्या वरून पडतंय की अर्धं तुमच्या हातांवरून उडून सदऱ्यावर जातंय. तुम्ही म्हणताय, "अगं, जरा खाली घे." मी घेत नाही. तुम्ही पुन्हा म्हणत नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मंडळाच्या गणपतीत मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले. एकपात्री, स्वतः लिहिलेलं. त्यात एक दरबारी घराण्यातला माणूस होता, डोक्याला पगडी, आणि तो मेंढीसमोर लवून मुजरा करत म्हणतो, "बाईसाहेब, इजाजत असेल तर शेपूट उचलावं म्हणतो." मी तुमच्यासारखी वाकून चालले. तुम्ही चष्मा दंडानं वर सरकवता, हात घाण असतात म्हणून, तेही केलं. हॉल हसून आडवा झाला. काकांना तर ठसका लागला. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, कडेला. तुम्हीही हसत होतात. टाळ्या वाजवत होतात. मी स्टेजवरून पाहिलं आणि मला वाटलं, चला, अण्णांना आवडलं. माझ्या आयुष्याचा धंदा त्या संध्याकाळी ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मागच्या ओट्यावर बसून लाल चिंधीची कात्री दगडावर घासत होतात. मी चहा घेऊन आले. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. तुम्ही पात्यावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "तू लोकर ओढतेस." मी म्हटलं, काय? "लोकर ओढायची नसते. ओढली की कातडी तिच्याबरोबर वर येते, मग कात्रीला कळत नाही लोकर कुठे संपली. डावा हात कातडीवर सपाट ठेवायचा, कातडी ताणायची, आणि मग कापायचं. काल तू मेंढी दाखवलीस ना, तेव्हा शेपूट धरून लोकर ओढत होतीस." एवढंच. चहा घेतलात आणि सायकल काढलीत. मी तीस वर्षं ते वाक्य वागवते आहे. कधी वाटतं, इतक्या नेमक्या शब्दांत मला दुसऱ्या कुणी झापलं नाही. कधी वाटतं, तुम्ही मुळात मला काही बोललाच नव्हता. तुम्हाला आडून बोलता यायचं नाही. मेंढी चुकीची धरली होती, ते तुम्ही सांगितलंत.

तर दौलतगंज. ते लोखंडी सामानाचं दुकान अजून आहे. आता मुलगा बसतो, म्हणजे पन्नाशीचा मुलगा. म्हणाला, "बताइए मैडम।" मी म्हटलं, "ऊन काटने की कैंची।" "स्वेटर वाली?" "नहीं, भेड़ की।" "अच्छा, भेड़ की।" आणि मग, अण्णा, मी ते वाक्य बोलले जे मी उभ्या जन्मात बाजारात बोलले नव्हते. "पीछे की ऊन काटनी है। जो गंदी हो जाती है।" दुकानात एक बाई कढई बघत होत्या. त्यांनी कढई ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखते. मी तो लहानपणापासून स्वतःच्या तोंडावर बाळगला आहे.

त्यानं आधी शिंप्याची कात्री काढली. लांब, चकचकीत, टोकदार. मी नको म्हटलं. जिथे आपल्याला दिसत नाही तिथे टोकदार काही न्यायचं नाही, तुम्ही म्हणायचात. मग हिरवळ कापायची काढली, तिचं पातं माझ्या कोपराएवढं. शेपटीखाली वळायला जागा कुठे असते? मग त्यानं खुशीत येऊन बॅटरीचं मशीन काढलं. "ये ले जाइए, चार्ज करो और बस। लोग तो इससे दाढ़ी भी बना लेते हैं।" "भेड़ की?" "अपनी, मैडम।" मी ते हातात घेऊन पाहिलं, खोटं कशाला बोलू, मोह झाला. मशीनशी तुमचं भांडण नव्हतं. सरकारी फार्मवर आलं तेव्हा लहान मुलासारखे हरखला होतात. पण मळक्या लोकरीला नको म्हणायचात. ओला गोळा दातांत अडकला की पातं तापतं, आणि मेंढीला चटका बसलाय हे आपल्याला ती उडी मारते तेव्हा कळतं. मी मशीन परत दिलं.

शेवटी त्यानं आतून, पोत्यामागून, कमानीच्या तीन कात्र्या आणल्या. मी म्हटलं, थोडा कापूस मिळेल? आणि पाणी? कागद कुठलीही कात्री कापते, ओला कापूस कापला तर खरी धार. तो माझ्याकडे बघतच राहिला. "गीली रुई?" म्हणाला. "पिताजी बताते थे, पूरे बाज़ार में एक ही आदमी था जो जेब में गीली रुई लेकर कैंची ख़रीदने आता था।" तो आत जाऊन कापूस आणि पाणी घेऊन आला. पहिल्या कात्रीनं कापूस चावला. दुसरीनं आणि तिसरीनं सफाईनं कापला. दोन्ही आखूड पात्याच्या, दोन्हींची टोकं गोल घासलेली. मी एक उचलली, दाबून पाहिली, छान बसली हातात, आणि पिशवीत टाकणार तेवढ्यात तुम्ही आठवलात. तुमचा पहिला प्रश्न. धार नंतर, टोक नंतर. "हात कुणाचा?" कमान कडक असली तर दहाव्या मेंढीला हात थकतो, आणि थकलेला हातच जखम करतो. मी माझ्या हाताला बसणारी कात्री घेऊन चालले होते, आणि मेंढ्या होत्या तिच्या.

तिथूनच फोन लावला. "तुम्हारा हाथ कितना बड़ा है?" आता फोनवर हाताचं माप कसं सांगणार? ती म्हणाली, "जिज्जी, चूड़ी दो-छह की आती है।" मी दुकानदाराला सांगितलं, चूड़ी दो-छह. त्यानं एका शब्दानं न विचारता दोन्ही कात्र्यांच्या कमानी दाबून पाहिल्या, तिसरी मला दिली आणि म्हणाला, "ये। ये नरम है।" बांगडीच्या मापानं मेंढीची कात्री निवडली, अण्णा. तुम्हाला पटलं असतं. कढईवाल्या बाई अजून तिथेच होत्या. त्यांचा चेहरा मघासारखा राहिला नव्हता.

आता मला त्या दुपारबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला ती माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आई तर आधीच गेली होती. तुम्ही आठ महिने पलंगावर होतात, उजवी बाजू गेलेली. मी एक अटेंडंट ठेवला होता, भला माणूस, सकाळ-संध्याकाळ यायचा, तुम्हाला कुशीवर वळवायचा, स्वच्छ करायचा. औषधं मी द्यायचे, पेपर मी वाचून दाखवायचे, भात मी भरवायचे. ते दुसरं सगळं त्याच्याकडे होतं, कारण तुम्ही मला हात लावू देत नव्हता. मुलगी ना. एक दिवस दुपारीच झालं. तुम्ही मला हाक मारली नाहीत, वासावरून कळलं. मी त्याला फोन केला. तो मुरारला होता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणाला, येतो, वेळ लागेल. तीन तास लागले. मी उदबत्ती लावली. माश्या यायला लागल्या तसा पंखा पाचवर केला. मी दारात उभी होते, उंबऱ्याच्या बाहेर. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत आणि तसेच राहिलात. तो आला तेव्हा, त्या जड जिभेनं तुम्ही त्याला म्हणालात, "माफ करना, भैया।" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. पाण्याचा आवाज बराच होतो आपल्याकडे.

ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्याच्या जनावरावर माशी बसू नये म्हणून घालवला, त्याच्या अंगावर बसू नये म्हणून मी पंख्याचं बटण फिरवलं. ह्यावर मला एक ओळ लिहायला हवी, चुरचुरीत. मी तोच धंदा करते. चौदा वर्षांत एकही सुचली नाही.

रविवारी मी गावाला गेले. ती अंगणात तयार होती, लिंबाखाली, बादलीत लाल औषध कालवून ठेवलेलं. कात्री हातात घेतली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली, आणि हसली. "डॉक्टरसाब वाली तो ये नहीं है।" मी म्हटलं, "नहीं। वो मैंने ख़राब कर दी।" ती म्हणाली, "कोई बात नहीं, चिंदी तो बाँध दो।" तुमच्या कात्रीची चिंधी मी आणली होती. लाल कसली, आता विटकरी झाली आहे. ती मी नव्या कात्रीच्या कमानीला बांधली. तिनं मेंढी धरली, एका कुशीवर आडवी केली, गुडघा हलकेच मानेशी टेकवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आप पकड़ोगी या मैं?" मी म्हटलं, "एक मैं काटूँ?" "आपसे होगा, जिज्जी?" त्या स्वरात टोमणा होता का, मला कळलं नाही. असला तर माझ्या हक्काचा होता.

मी बसले. वास आला. तुमच्या सदऱ्याचा वास, अण्णा, तोच, मी इतकी वर्षं त्याला घाण म्हणत आले. डावा हात सपाट ठेवला. कातडी गरम होती, आणि किती पातळ, गुलाबी, खाली काहीतरी धडधडत होतं. गोळा मधून कापायचा नाही, त्याच्या मागे जायचं, कातडीला पातं आडवं लावून. ओढायचं नाही. मी ओढलं नाही. पहिला गोळा सुटून मातीत पडला, आणि खाली कोवळी लाल जागा दिसली, किती दिवस झाकलेली होती कोण जाणे. मेंढीनं तोंड पलीकडे केलं होतं, भिंतीकडे. माझा हात थांबला. तेव्हा ती म्हणाली, "बोलो ना कुछ इससे। डॉक्टरसाब बोलते थे।" मी विचारलं, काय बोलायचे? आणि मला खरंच वाटलं, आता ही मुजरा, बाईसाहेब, असलं काहीतरी सांगणार. ती म्हणाली, "मराठी में कुछ। 'झालं बाई, झालं।' बाबूजी ने भी वही सीख लिया था। हमारे यहाँ तो अब सब यही बोलते हैं। मतलब क्या होता है इसका?"

मला मतलब सांगता आला नाही. म्हणजे शब्दाला शब्द सांगितला, 'हो गया, हो गया,' पण ती म्हणाली, बस इतना? मी हो म्हटलं. आणि मग मेंढीला म्हटलं, झालं बाई, झालं. आणखी तीन गोळे होते. प्रत्येकाला म्हटलं. जखम एकही झाली नाही. झाल्यावर मेंढी उठली, अंग झटकलं, आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. पुढच्या तिनं कापल्या. कमान तिला नरम पडत नव्हती, कडकही नाही. सातव्या मेंढीपर्यंत मी मोजल्या, मग मला डोळ्यांनी नीट दिसेना. निघताना तिनं मला हात पुढे करायला लावले, राख दिली आणि पाणी ओतलं. एका हातानं माझं मनगट धरून, तांब्या अगदी जवळ घेऊन. एक थेंब बाहेर गेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. टेबलाच्या खणात तुमची जुनी कात्री आणून ठेवली आहे, तिच्याखाली राहील. एवढंच आहे की सगळं लिहून झाल्यावर मी एकदा वाचून काढलं, आणि वर एक वाक्य आहे, तुम्ही मला हात लावू देत नव्हता, असं. तेच मी काकांना सांगितलं होतं, मंडळात सांगितलं होतं, लोक म्हणाले, बाणेदार माणूस. इतक्यांदा सांगितलं की तुम्हाला लिहितानाही तेच उतरलं. खोडत नाही, राहू दे. पण तुम्ही कधी नको म्हणाला नव्हता, अण्णा. मी विचारलंच नव्हतं.